विहीणबाईंचं बिल आणि केटीचं पहिलं बाळंतपण

माझी विहीण काल भर विधानसभेत गेली.

भाषणाला उभ्या राहिल्या, दोन वाक्यं बोलल्या आणि कोसळल्या. संपलं.

खरंच वाटत नाहीये. काल दुपारीच त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो टाकला होता, स्वतः केलेल्या डिंकाच्या लाडवांचा. डिंक न तळता तसाच घातलेला. मी लिहिलं, "विहीणबाई, हे लाडू नाहीत, दगड आहेत."

रिप्लाय आला, "हरकत नाही. विरोधी पक्षाला वाटून टाकते."

तोच शेवटचा मेसेज.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जोन म्हणजे आमच्या अनिकेतच्या बायकोची, केटीची आई. अमेरिकेतल्या एका छोट्या राज्यात तीसेक वर्षं आमदार. त्याआधी शाळेत शिक्षिका. मुलांना शाळेत फुकट जेवण, कामगारांची युनियन, समलिंगी जोडप्यांची लग्नं, जे बोलल्यावर मतं जातात ते सगळं त्या आधी बोलायच्या. एकदा घरावर अंडी पडली. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः भिंत धुतली आणि पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभ्या राहिल्या.

पहिल्यांदा इथे इंग्लंडात, लेकीकडे ब्रिस्टलला आल्या, तेव्हाची गोष्ट.

इल्फर्डचे माझे थोरले दीर. चेष्टा कुठे थांबवावी हे त्यांना आजवर कळलेलं नाही. त्यांनी जोनला फोनवर सांगून ठेवलं, "आमच्यात नातवंड होईपर्यंत मुलीच्या आईनं मुलीच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नसतं."

आम्ही लेस्टरहून पोचलो, तर या बाई घराबाहेरच्या भिंतीवर, भुरभुर पावसात, दुकानातलं सँडविच खात बसलेल्या!

"अहो, हे काय?"

"मला तुमच्या रीतीचा अपमान करायचा नाहीये."

भाऊजींना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. फॅमिली फ्रेंड्सही वाचतात.

पण जोननं मलाच थांबवलं. "जुना कायदा आहे ना? मग रीतसर रद्द करू." सगळ्यांना टेबलाशी बसवलं. ठराव त्यांचा, अनुमोदन माझं. हात वर झाले. भाऊजी हट्टानं विरोधात. ठराव पास.

आणि बाईंनी पहिला कप चहा कुणाला दिला? भाऊजींना!

मला हळूच म्हणाल्या, "हरलेल्या माणसाला उपाशी पाठवू नये. पुढच्या आठवड्यात त्याचंच मत लागतं."

असंच काम केलं बाईंनी आयुष्यभर. बहुतेक वेळा हरल्या. हरून पुन्हा त्याच माणसाकडे कॉफी प्यायला गेल्या.

एक बिल मात्र दर सेशनला मांडायच्या आणि दर सेशनला पडायचं. बाळंतपणाची पगारी रजा. आपल्याला इथे राहून त्याचं काही वाटत नाही. तिकडे बायका टाके ओले असताना कामावर जातात.

केटीला दिवस गेले तेव्हा मी सहज म्हटलं, "आमच्यात पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं."

"मग तो माझा हक्क झाला," जोन म्हणाल्या. आणि खरंच जाहीर केलं, आता पुढची निवडणूक लढवणार नाही. तिकीट काढलं. डिंक, खारीक, सगळं शोधून आणलं.

मग त्या बिलाची तारीख पुढे गेली.

त्यांचा फोन आला. "एकच आठवडा. या वेळी वॉल्टरसुद्धा हो म्हणेल असं वाटतंय." वॉल्टर म्हणजे समोरच्या पक्षाचा म्हातारा, हयातभर त्यांच्या विरोधात मत दिलेला. "आमच्याकडे दुसऱ्याच्या जागी बसून मत देता येत नाही. बाळंतपणात चालतं का?"

"चालतं," मी म्हटलं. "पण एकच आठवडा हं."

म्हणून मी ब्रिस्टलला आले. काल संध्याकाळी भाजी फोडणीला टाकली होती आणि अनिकेत फोन हातात धरून किचनच्या दारात उभा राहिला. त्याचा चेहरा पाहिला आणि मी गॅस बंद केला.

"आई, मला नाही सांगता येणार तिला."

मग मी सांगितलं. कसं सांगितलं, आठवत नाही.

केटी रडली नाही. म्हणाली, "व्होट झालं?"

नव्हतं झालं. आदरांजली म्हणून सभागृह तहकूब केलं होतं.

"आदरांजली? मॉम वुड बी फ्युरिअस!"

मला तर त्या बिलाचाच संताप आला. अजूनही येतोय. दुसऱ्यांच्या लेकींना रजा मिळावी म्हणून स्वतःच्या लेकीचं बाळंतपण राहून गेलं. लोक लिहितायत, केवढा त्याग. मला त्याग नको. मला माझी विहीण हवी आहे.

आणि ही पोर, नववा महिना लागलेला, विमानात बसायची परवानगी नाही, आईचं तोंड बघायला मिळणार नाही. तिनं काय करावं? सरळ वॉल्टरला फोन लावला. स्पीकरवर. म्हातारा हुंदके देत होता.

"तुम्ही तिला हो म्हणाला होतात का?"

"आज सकाळीच, बेटा."

"मग सभागृहात उभं राहून म्हणा. ती नाहीये म्हणून बदलू नका."

म्हाताऱ्यानं नाक शिंकरलं. मग म्हणाला, "म्हणेन."

केटीनं फोन ठेवला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून इतकी रडली, इतकी रडली. "मॉम, मॉम" करत होती.

मी ओ दिली.

जोन, बाळंतपण मी करते. तुम्ही काळजी करू नका.

तुमच्या विहिणीचा शेवटचा नमस्कार.