आमच्या वेळच्या मुली रडत नसत

आजकालचं जिम्नॅस्टिक मला बघवत नाही. ते काय, धावत यायचं, स्प्रिंगवर आदळायचं, हवेत गरागरा फिरायचं आणि धप्पकन उभं राहायचं. पायाचे पंजे कुठे, हात कुठे, संगीत कुठे चाललंय, कशाचा कशाला मेळ नाही. आणि ते गुण! चौदा पॉइंट सहाशे काहीतरी. हे गुण आहेत की गॅसचा नंबर? आमच्या वेळी दहा होते. दहा म्हणजे दहा, त्याच्या वर देव.

'आमच्या वेळी' म्हणते खरी, पण मी स्वतः जन्मात एकच कोलांटी मारली आहे. कॉलेजात असताना, गच्चीवर. वडिलांनी पाहिलं आणि "घोडी झालीस, शोभतं का?" एवढंच म्हणाले. तिथेच माझं करिअर आटोपलं. त्यानंतर सगळं उंटावरून शेळ्या हाकणं. पण हाकल्या मात्र मनापासून! मोठी स्पर्धा असली की टीव्हीवर अर्धा तास दाखवायचे आणि आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात नेमकी तेव्हाच लाइट जायची. म्हणून मी आधीच टेम्पोत बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजीऱ्याला मावशीकडे. मावशी दार उघडता उघडता म्हणायची, "आली बघा, हिच्या पोरी उड्या मारणार वाटतं आज."

माझ्याच होत्या त्या पोरी. रशियाच्या, रुमानियाच्या, केसांना फिती बांधलेल्या. कोपऱ्यात बसून कुणीतरी खराखुरा पियानो वाजवायचं आणि ती मुलगी बोटाच्या टोकापर्यंत त्या सुरात असायची. सगळ्याजणींना एकच ठरलेली रचना करून दाखवावी लागे. पुढे ती पद्धत बंद केली, म्हणे लोकांना कंटाळा येतो. कंटाळा! आम्ही ग्वाल्हेरची माणसं, एकच बंदिश दहा जणांकडून ऐकून अकराव्याला दाद देणारी. खरा फरक तर तिथेच कळतो. माझी एक वही होती. पडद्यावर गुण यायच्या आधी मी माझे लिहायची. पंजा ढिला, एक दशांश कापला. उतरताना पाऊल सरकलं, आणखी एक दशांश. परीक्षकांशी माझं बहुतेक वेळा जुळायचं. माझी नजर तेज आहे याचा मला गर्व होता.

मला मुलगी झाली तेव्हा लोक नाक-डोळे कुणाचे ते बघत होते, मी तिच्या तळपायाची कमान बघत होते. सातव्या वर्षी तिला फूलबागेजवळच्या एका जिम्नॅस्टिकच्या हॉलमध्ये घातली. बँकेतून सुटले की मी थेट तिथे, भिंतीजवळच्या बाकावर, थर्मास घेऊन. तिथले सर खेकसायचे, "रोना है तो घर जाके रो!" बाकीच्या आया कुरबुर करत. मी म्हणायची, बरोबर आहे सरांचं, आमच्या वेळच्या मुली रडत नसत. माझी पोर ऐकायची. ती कधी रडली नाही, आणि मी ते चारचौघांत कौतुकाने सांगायची.

तेराव्या वर्षी भोपाळला राज्याच्या स्पर्धेत ती बीमवर होती. बीम म्हणजे चार बोटं रुंद लाकडी पट्टी, तिच्यावर नाचायचं. शेवटची उडी मारून ती उतरली, हात वर केले, नियमाप्रमाणे हसली, आणि मग खाली बसली ती बसलीच. पाठीच्या मणक्याला चीर गेली होती. संपलं सगळं. मी पुढे सगळ्यांना सांगायची, एक वाईट उतरणं, एका क्षणात घात झाला, नशीब. ती काही बोलायची नाही. आज ती पस्तिशीची आहे, नोएडाला असते. पूजेला पाटावर बसता येत नाही, स्वतःची मुलगी दोन वर्षांची झाल्यावर तिला कडेवर घेता आलं नाही. जिम्नॅस्टिक हा शब्द आमच्या दोघींत पुन्हा निघाला नाही.

निघाला तो या मे महिन्यात, स्टेशनवर. नातीला तीन आठवडे माझ्याकडे सोडायला ती आली होती, पहिल्यांदाच. नात सहा वर्षांची. हे गेल्यापासून घरात मी एकटी. संक्रांतीपासून मी दिवस मोजत होते. गाडीत चढता चढता मुलगी म्हणाली, "आई, एकच गोष्ट. तिला जिम्नॅस्टिक नाही. करायचं नाही, दाखवायचं पण नाही. नाहीतर पुढच्या वर्षी विसरून जा."

"अगं हो, मी काय वेडी आहे का?"

वेडीच. जित्याची खोड. पहिले तीन दिवस बाड्यावरच्या बाजारात फिरवून, आइस्क्रीम खाऊ घालून काढले. चौथ्या दिवशी बाहेर आगीचा वारा, कूलर घरघरतोय, पोर कंटाळलेली. म्हटलं, नुसतं बघायला काय हरकत आहे? जुन्या स्पर्धा आता सगळ्या नेटवर मिळतात. मी टीव्हीला जोडून लावलं. त्या काळी उंच-बुटके दोन आडवे बार एकमेकांच्या अगदी जवळ असत. वरच्या बारवरून झोका घेऊन मुलगी खालच्या बारवर पोट आपटायची आणि त्याला गुंडाळून फिरायची. मला फार आवडायचं ते.

"आजी, इसको लगता नहीं?"

"नाही गं, सवय असते."

तिने जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "मला पण येईल."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिने पाय पुढे केला, आणि ती कमान! माझ्या लेकीची होती तशीच. मग काय, रोज दुपारी गादी खाली टाकून आमचा स्प्लिट सुरू झाला. एक पाय पुढे, एक मागे, जमिनीला टेकेपर्यंत बसायचं. मी म्हणायची, "थोडं दुखतं. दुखतंय म्हणजे येतंय." ती दात आवळून खाली जायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. तिची आई घ्यायला आली तेव्हा दोन बोटं अंतर उरलं होतं. आदल्या दिवशी मी तिला जवळ घेऊन सांगितलं, "मम्माला सांगायचं नाही हं. आपलं सीक्रेट."

शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मम्मा आंघोळीला गेली होती. तिने फोन पुस्तकाला टेकवून ठेवला, चार पावलं मागे गेली, म्हणाली, "आजी, देखो, पूरा!" आणि खाली बसली. खरंच पूर्ण. जमिनीला टेकलेली.

खोटं कशाला सांगू? माझी नजर आधी पंजावर गेली. ताणलेला होता, अगदी सरळ. माझ्या तोंडून "वा!" निघालं. नंतर मला तिचं तोंड दिसलं. खालचा ओठ दातांत धरलेला. तिला उठता येईना. हात टेकून टेकून ती कुशीवर कलंडली आणि तशीच पडून राहिली.

"दुखतंय का गं?"

"थोडासा. इथे." मांडीच्या मुळाशी तिने हात ठेवला.

"कधीपासून?"

"बहुत दिन से. पण मी रडले नाही, आजी. मम्माला पण नाही सांगितलं. सीक्रेट है ना अपना."

तेव्हाही माझं डोकं चालत होतं, हेही सांगते. करू नकोस आता म्हणावं, तेल चोळायला सांगावं, आठ दिवसांत बरं होईल, कुणाला कळतंय? पुढचा मे माझा राहील. हे सगळं मी नीट, पूर्ण विचार करून पाहिलं. मग म्हटलं, "मम्मा आली की तिला फोन दे."

"नहीं ना आजी! तू प्रॉमिस केलं होतं!"

"दे म्हणते ना!" मी ओरडले. तेव्हा ती रडली.

मी लेकीला सगळं सांगितलं. गादी, दुपार, सीक्रेट, सगळं. वाटलं होतं ती घर डोक्यावर घेईल. तिने फक्त ऐकून घेतलं आणि "ठीक आहे" म्हणून फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, स्नायू ओढला गेलाय, महिनाभर आराम, काळजी करू नकोस. 'काळजी करू नकोस' वाचून मी ढसाढसा रडले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नंतर पंधरा दिवस फोन नाही.

त्या दिवसापासून टीव्हीवर ते पुन्हा लावलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. तिसऱ्या दिवशी लावलं. पियानो सुरू झाला आणि अंगावर काटा आला, पूर्वी यायचा तसाच. काय करू? आवडतं ते आवडतं. फक्त खालच्या बारवर पोट आपटण्याची वेळ आली की मी आवाज बंद करते.

मग एका दुपारी लेकीचा फोन आला. पोर धावायला लागली म्हणाली. शाळेचं बोललो, पाण्याच्या टंचाईचं बोललो. मेचं मी विचारलं नाही, तिने काढलं नाही. ठेवते म्हणाली, आणि ठेवला नाही.

"आई, एक सांगू? माझी पाठ भोपाळला नाही गेली. त्याच्या आधी चार महिने दुखत होती."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू त्या बाकावर बसून इतकी खूश दिसायचीस ना."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. चार महिने. आणि मी रोज समोरच बसलेली असायची.