बत्तीस की तीनशे पंधरा

गेल्या वर्षी आखूड नळीची बंदूक बत्तीस बोअरची घ्यावी की तीनशे पंधराची, या विचारात मी सात महिने घालवले. माझं वय एकाहत्तर, शिक्षण चौथी, आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. (उजव्याचं ऑपरेशन झालंय. नेम उजव्याने धरतात असं मला नंतर कळलं, म्हणजे तशी मी लायक होते.)

सुरुवात पोलीस ठाण्याच्या कागदाने झाली. आमच्या म्हाताऱ्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, भाताच्या राखणीसाठी परवान्याची एकनळी बंदूक होती. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की पावती दाखवून परत आणायची. शेवटच्या निवडणुकीला म्हाताऱ्याने बंदूक जमा केली आणि निकालाच्या आधी स्वतःच गेला. बंदूक तिथेच राहिली. दीड वर्षाने कागद आला की वारसांनी येऊन काय ते ठरवावं.

ते दीड वर्ष कसं गेलं ते सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. पनवेलच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याला आमचं घर. शेत विकलं गेलं, त्यावर आता सोळा मजली इमारत उभी आहे. मुलगा नितीन खारघरला राहतो, गाडीने अर्धा तास. दीर काशिनाथ तिकडे उरणला, मोरा बंदराच्या धक्क्याजवळ. दोघेही तेराव्याला जेवून गेले ते गेले. नितीनचा फोन यायचा. जेवलीस का? जेवले. मग ठेवतो. माझी बोलायची सवय इतकी गेली होती, की भाजीवाल्याने काय देऊ विचारलं तर आधी घसा खाकरावा लागायचा.

कागदाचं कळवलं तसा नितीन त्याच रविवारी आला. तो हल्ली एका क्लबात नेमबाजीला जातो. (न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात बसून बसून पोट सुटलं, म्हणून डॉक्टरने चालायला सांगितलं होतं. हा बंदूक चालवायला लागला.) येतानाच ठाण्यात जाऊन त्याने जुन्या बंदुकीचा फोटो काढला आणि बंदुकांच्या दुकानदाराला पाठवला. दुकानदार म्हणाला, नळी गंजाने खाल्लीय, ही आता भिंतीवर टांगा. मग नितीनने तोडगा काढला. वारस म्हणून परवाना आईच्या नावावर करायचा, कारण घर तिच्या नावावर आहे, आणि त्यावर नवीन कार्बाइन घ्यायची. कार्बाइन म्हणजे आखूड बंदूक. अर्जात एक रकाना होता: हत्यार कुठलं, बोअर कुठला. नितीन तिथे बत्तीस लिहिणार, तेवढ्यात अंगणात काशिनाथ भावजी उभे. त्यांना कोणी सांगितलं देव जाणे.

भावजी पंचवीस वर्षं एका गोदामाच्या गेटवर रायफल घेऊन उभे होते. वर्षातून एकदा सरावाला पाच गोळ्या मिळायच्या, त्यापलीकडे त्यांनी कशावर गोळी झाडलेली नाही. पण बंदुकीवर बोलायला लागले की वाटावं, सगळं बंदर यांनीच राखलं.

भांडण असं होतं. कार्बाइनच्या दोन जाती. एकीत पिस्तुलाची बुटकी गोळी जाते, ती बत्तीस. दुसरीत रायफलचं लांब काडतूस जातं, ती तीनशे पंधरा. नितीनचं म्हणणं, पिस्तुलाची गोळी घ्यावी. धक्का कमी, आवाज कमी, क्लबात कागदावर नेम धरायला तेवढी पुरे. आखूड नळीत रायफलचं काडतूस घातलं तर दारू पुरती जळत नाही, तोंडाशी नुसता जाळ होतो आणि खांदा निखळतो.

भावजी माझ्याकडे वळून म्हणाले, "वयनी, पिस्तुलाची गोली पन्नास पावलांवर दमते. डुकराला लागली तर ता मागं वळून इचारंल, काय काम हाय?"

नितीनने सांगितलं की वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारता येत नाही. भावजी म्हणाले, मारायचं कोण म्हणतो, पण बंदूक डुकराच्या लायकीची नको?

हे चाललं बारा वाजल्यापासून साडेचारपर्यंत. मध्ये दोघे जेवले. मी भरलेली वांगी केली होती, भात दोनदा लावावा लागला. ते गेल्यावर भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की आज रविवार संपलासुद्धा. एरवी रविवार दोन दिवसांचा असायचा.

रकाना कोराच राहिला होता. पुढच्या रविवारी ठरवू म्हणून दोघे गेले. आणि पुढच्या रविवारी खरंच आले!

मी अडाणी असेन, बावळट नाही. रकाना भरला की रविवार गेले, एवढं गणित चौथीत येतं. मी भांडणाला सरपण घालायला लागले. नितीन जिंकायला आला की मी म्हणायचे, पण भावजींचं डुकराचं म्हणणं खोटं नाही. भावजी जिंकायला आले की मी खांदा चोळायचे. मधल्या वारांना दुकानदाराला फोन करून मी नवनवीन शंका मिळवायचे. काडतूस दमट हवेत किती टिकतं? मोतीबिंदूवाल्याला कुठला बोअर बरा? दुकानदाराने शेवटी फोन उचलणं बंद केलं. नितीनसाठी वांगी आणि भावजींसाठी सुके बोंबील, असे दोन स्वयंपाक मी सात महिने केले. लग्नानंतर एवढी खूश मी नवऱ्यावरसुद्धा नव्हते.

सहाव्या महिन्यात भावजींनी हद्द केली. दोन्ही बंदुकांचं वजन वयनीला पेलतं का, ते बघायला त्यांनी दोन नकली बंदुका बनवून आणल्या. प्लास्टिकच्या पाइपाला लाकडाचा दस्ता, आत वाळू, वरून काळा रंग. एक हलकी, एक जड. मला अंगणात उभं करून दोघे दोन बाजूंनी सांगायचे, कोपर खाली, गाल टेकव, श्वास धर. साठ वर्षांत मला कोणी एवढं निरखून बघितलं नव्हतं.

त्या बंदुका माझ्याकडेच राहिल्या. इथे माझी चूक झाली. एका बुधवारी दुपारी आंब्यावर माकडं आली. घरात मी एकटी, आणि बुधवार तर रविवारपासून सगळ्यात लांब. मी जड बंदूक घेतली, ओट्यावर आले, गाल टेकवला, श्वास धरला आणि माकडांवर नेम धरला. माकडं बघत राहिली. त्यांनाही बहुतेक भेटायला कोणी येत नसावं. मला बरं वाटलं. मग मी हलकी घेऊन बघितली. मग पुन्हा जड. असा अर्धा तास गेला.

समोरच्या इमारतीत कुणीतरी हे सगळं मोबाइलमध्ये उतरवत होतं. माझ्यामागची वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी त्यात आली. आंबा त्यात आला नाही, माकडंही नाहीत. आली फक्त लुगड्यातली म्हातारी, इमारतीच्या सातव्या मजल्याच्या दिशेने आलटूनपालटून दोन बंदुका रोखणारी!

पोलिसांची गाडी आली. हवालदार फाटकाआडून म्हणाले, "आजी, हत्यार खाली ठेवा. सावकाश."

मी सावकाशच ठेवलं, कंबर दुखते. पण पाइपाचं बूच निघालं आणि वाळू भसाभसा ओट्यावरून अंगणात ओघळली. हवालदार वाळूकडे बघत राहिले. मी चहा विचारला. त्यांनी घेतला आणि नकली बंदुका उचलून बघता बघता म्हणाले, मला विचाराल तर तीनशे पंधरा. (हे त्यांनी अहवालात लिहिलं नाही.)

नितीन ऑफिस सोडून आला. भावजीही आले. बुधवारी दोघे घरात, माझा आनंद लपेना. पण त्या दिवशी ते भांडलेच नाहीत. सात महिन्यांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि तेही एका मिनिटात: कुठलीच नको, परवाना रद्द करून टाकायचा.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात मला कागदासमोर बसवलं. मी पेन धरलं आणि सही होईना.

"आई, सही कर ना," नितीन म्हणाला. "तुला खरंच बंदूक हवीय का?"

"मला कशाला बंदूक?" मी म्हणाले. "तुम्ही दोघं भांडायला तरी येत होता."

हवालदारांना कपाटात काहीतरी शोधायचं आठवलं. भावजी टोपी काढून आत बघत बसले. मी सही केली. चौथीतलं अक्षर, पण स्वच्छ.

त्या रविवारी दोघेही आले. बरोबर बारा वाजता, तोंडं पाडून, हातात मिठाईचा पुडा. मी वांगी केली, बोंबील केले. आम्ही तिघं जेवलो. नितीनने विचारलं, जेवलीस का? मी त्याच्या शेजारीच बसून जेवत होते. भावजींनी हवेबद्दल विचारलं. हवा बरी होती. मग नितीनने पंख्याकडे बघितलं, भावजींनी दाराकडे. अपराधी माणसांइतकी कंटाळवाणी माणसं जगात नाहीत. अडीचपर्यंत मी कळ काढली. मग मला राहवेना, मी म्हणाले, निघा आता, भावजींची मोऱ्याची गाडी चुकेल.

दोघे असे उठले की चपला उलट्यासुलट्या घालून फाटकाबाहेर गेले.

सात महिने मी दोन माणसं अंगणात टिकवायला दोन बोअरचा अभ्यास केला. आणि पळवून लावली ती एका वाक्यात, बिनपरवान्याने.