केळी तू आण

विभाताईंनी माझा डबा झाकण न उघडताच उचलला. दोन बोटांनी, कडीला धरून. जेवणाच्या टेबलावरून तो त्यांनी पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्या टेबलावर गावकऱ्यांना वाटायच्या साबणाच्या वड्या होत्या, जंतांच्या गोळ्या होत्या, सोसायट्यांमधून गोळा केलेल्या जुन्या साड्यांचे गठ्ठे होते. वर म्हणाल्या, "हे लाभार्थ्यांना होईल. नाहीतर वाया जायचं."

डब्यात वीस धपाटे होते. आईने पहाटे उठून थापलेले, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेले. मी तेव्हा हातमोजे काढत होते. सकाळपासून उभं राहून गावातल्या बायकांचं रक्त घेतलं होतं, पाय दुखत होते, भूक लागली होती. आणि माझं जेवण माझ्या डोळ्यांदेखत दानधर्मात जमा झालं.

आमच्या गटाबद्दल आधी सांगते. बोरिवलीच्या सोसायट्यांमधल्या बायकांचा गट. महिन्यातून दोन रविवार मार्व्याच्या जेट्टीवरून फेरीबोट पकडायची, मनोरीला उतरायचं, गावाच्या समाजमंदिरात शिबिर भरवायचं. डोळे तपासायचे, रक्त तपासायचं, साबण वाटायचा आणि फोटो काढायचे. फोटोंचं काम सगळ्यात मनापासून व्हायचं. साबणाची वडी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्येच थांबवायची. घेणारीने कॅमेऱ्याकडे बघायचं, देणारीने घेणारीकडे प्रेमाने. "मावशी, हसा ना जरा." मावशी हसायच्या. बोटीत मासळीचा वास आला की याच बायका नाकाला रुमाल लावायच्या आणि उतरताना म्हणायच्या, "किती शांत वाटतं ना इथे."

विभाताई या गटाच्या प्रमुख. मी मालाडच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. त्या शुगर तपासायला यायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझा हात किती हलका गं. सुई टोचलेली कळतसुद्धा नाही." मग शिबिरालाच बोलावलं. मला भारी वाटलं. खोटं कशाला सांगू? आम्हीही बोरिवलीचेच, पण पूर्वेला, डोंगराच्या कडेला, जिथे यायचं म्हटलं की रिक्षावाला तोंड वाकडं करतो. विभाताईंच्या सोसायटीत गेटवर नाव लिहून आत सोडतात. त्यांनी स्वतःहून बोलावलं म्हणजे आपण काहीतरी झालो, असं मला वाटलं. त्या वाटण्याची मला आज लाज वाटते.

गटाची एक पद्धत होती. प्रत्येकीने घरून एक पदार्थ आणायचा आणि दुपारी एकत्र जेवायचं. विभाताईंचं आवडतं वाक्य होतं, "आपण सगळ्या एका घरातल्याच." पहिल्या रविवारी मी मटकीची उसळ नेली. पातेलं पुसून खाल्लं बायकांनी. विभाताईंनी रेसिपी लिहून घेतली. घरी येऊन सांगितलं तर आईने तीनदा विचारलं, "पुसून खाल्लं? खरंच?"

त्याच दिवशी परतीच्या बोटीत विभाताई माझ्या शेजारी बसल्या.

"मूळ गाव कुठलं तुमचं?"

"जालन्याकडचं."

"अच्छा. आडनावावरून कळत नाही ना काही. घरी गणपती असतो का गं?"

"नाही."

"बसवत नाही, की…?"

"आम्ही बौद्ध."

"अच्छा, अच्छा," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ खाडी बघितली. मग म्हणाल्या, "आमच्यात असलं काही नसतं हं. माझी एक मैत्रीण आहे तुमच्यातली. फार स्वच्छ."

फार स्वच्छ. मी हसले. मला तेव्हा हसण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

पुढच्या शिबिराच्या आधी ग्रुपवर यादी आली. पुलाव कोण, कोशिंबीर कोण, गोड कोण. माझ्यापुढे विभाताईंनी लिहिलं होतं, "केळी तू आण. नोकरी करतेस, तुला सोपं पडेल." मी आईला वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, किती विचार करतात. आई भाकरी थापायला उठली.

तेव्हापासून प्रत्येक शिबिराला माझी केळी. चार महिने. दोन डझन वेलची केळी पिशवीत घालून मी बोरिवलीहून मनोरीला नेत होते. मध्ये एकदा विचारलं, "या वेळी भाजी आणू का?" उत्तर आलं, "अगं नको, केळी लागतातच." पुढे एकदा म्हटलं, थालीपीठ करते. उत्तर आलं, "ते हेतल आणतेय." मला तरीही कळलं नाही. म्हणजे कुठेतरी कळत होतं, पण मी ते कळून घेत नव्हते. अंगावर आलेलं झटकून टाकायची सवय लागली की माणूस त्यालाच समजूतदारपणा म्हणायला लागतो.

त्या रविवारी आईच भडकली. "लोकांनी काय दर वेळी तुझ्या हातची केळीच खायची? थांब." आणि धपाटे थापायला बसली. मी म्हटलं, "लसूण नको घालू. त्यांच्यातल्या काहीजणी खात नाहीत." आई म्हणाली, "लसणाशिवाय धपाटं म्हणजे काय गं?" पण नाही घातला. तीळ घातले, ओवा घातला, कोथिंबीर घातली. मी केळी न घेता निघाले.

तर तो डबा आता जुन्या साड्यांच्या शेजारी होता.

मी गेले आणि म्हणाले, "विभाताई, तो आपल्या जेवणाचा डबा आहे. वाटपाचा नाही."

"हो गं, कळलं. पण आज फार झालंय बघ सगळं. शिवाय त्यात लसूण असेल."

"लसूण नाही घातलेला."

"मग बेसन असेल. मला बेसन बाधतं."

त्यांच्या हातात बटाटावडा होता. मार्व्याच्या जेट्टीजवळून सकाळी बांधून आणलेला. अर्धा खाल्लेला, वर लसणाची लाल चटणी. मी वड्याकडे बघितलं. मग त्यांनीही वड्याकडे बघितलं. आता हा टाकावा की खावा, हे त्यांना कळेना. मला हसू आलं. इतका राग आलेला असताना हसू येतं, हे मला त्या दिवशी समजलं.

तेवढ्यात हेतल आली. हेतल गटात नवी, कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली, मनाने वाईट नाही. जेवणाच्या टेबलावर शोधत म्हणाली, "अरे, तू केळी नाही आणलीस? ताईने लिहिलं होतं ना, तुझ्याकडून सालवालं फळच घ्यायचं म्हणून?"



"कुठे लिहिलं होतं?" मी विचारलं.

"ग्रुपवर."

"मी आहे त्या ग्रुपवर. असं काही आलं नाही."

हेतलने विभाताईंकडे बघितलं. बिचारीची चूक एवढीच, की त्या दुसऱ्या ग्रुपवर मी नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरा ग्रुप. माझ्याशिवायचा. म्हणजे आठ-दहा शिकलेल्या बायकांनी, समाजसेवा करणाऱ्या बायकांनी, माझ्यासाठी वेगळा ग्रुप काढून ठरवलं होतं, की माझ्या हातचं काय पोटात जाऊ शकतं. सोलून खाल्लं की माझा हात लागत नाही. किती बारीक विचार! एवढी अक्कल डोळे तपासायच्या यादीत लावली असती, तर दर वेळी चष्म्यांचे नंबर उलटसुलट झाले नसते.

मी विचारलं, "विभाताई, आज सकाळी मी तुमची शुगर तपासली. बोट माझ्याच हातात दिलंत ना?"

"अगं, ते वेगळं."

"काय वेगळं?"

"ते काम आहे. हे जेवण."

झालं. त्यांनीच सांगून टाकलं. माझ्या हातची सुई त्यांच्या रक्तात चालते. माझ्या घरचं धपाटं ताटात चालत नाही. हात त्यांना कामापुरता हवा होता, आणि तो मी चार महिने फुकट दिला होता, वर आभार मानून.

बाकीच्या बायका ताटात मान घालून पुलाव खात होत्या. एकीनेही वर बघितलं नाही. एकजण हळूच म्हणाली, "जेवणाच्या वेळेला कशाला हे विषय?" पुलाव गार होत होता तिचा.

मी अंगातला निळा ॲप्रन काढला. त्यावर छातीशी 'सेविका' असं शिवलेलं होतं. तो साबणाच्या वड्यांवर ठेवला आणि डबा उचलला. विभाताई मागून म्हणाल्या, "हे बघ, तमाशा नको. अकरा बायका बाकी आहेत अजून रक्ताच्या."

बाकी होत्या, खरं होतं. दाराशी ओळीत बसल्या होत्या, हातात नंबराचे कागद घेऊन. सगळ्यात पुढे भानूमावशी. समाजमंदिराची किल्ली हिच्याकडे असते. हे बांधलं तेव्हा तिच्या सासऱ्यांनी डोक्यावरून रेती वाहिली होती, असं तिनेच मला सांगितलेलं. आणि सकाळी मी हिलाच दारात थांबवून म्हटलं होतं, "लाभार्थी नंबर सतरा, आवाज दिला की आत या." तिच्याच गावात, तिनेच उघडलेल्या दारात. मला कोणी शिकवलं हे? कोणी नाही. निळा ॲप्रन घातला की आपोआप येतं.

भानूमावशीने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आमचे घरचा पानी पन नाय पीत त्या. बाटल्या घेऊन येतान. तुला आताशी कलला?"

मीही त्याच बाटल्यांतलं पाणी पीत होते. चार महिन्यांत एकदाही मला दिसलं नव्हतं, की या गावात येऊन गावाचा घोटभर घेत नाही आपण. मला विभाताईंचा जेवढा राग आला होता, तेवढाच स्वतःचा आला. मी तिला म्हटलं, "मावशी, सकाळी नंबराने हाक मारली, चुकलं माझं." ती म्हणाली, "रगत घेतेस का आता, का माफीच मांगतेस?"

सामान बाहेर ओट्यावर आणलं. माझ्या सुया, माझ्या ट्यूब. अकराही बायकांचं रक्त तिथे बसून घेतलं. आतून कोणी आलं नाही. मग डबा उघडला. वाटला नाही, दान केला नाही. त्या बायकांबरोबर बसून जेवले. भानूमावशीला म्हटलं, घे. तिने तुकडा मोडला, चावला आणि तोंड वाकडं केलं. "लसून नाय गो ह्याच्यान. चव कशी येल?"

बरोबर बोलली. त्यांच्यासाठी मी आईच्या हातची चवसुद्धा काढून नेली होती.

संध्याकाळी घरी आले तर आई दारातच. डबा रिकामा बघून तिचा चेहरा फुलला. "आवडले त्यांना?"

हो म्हणायला काय लागलं असतं? बोटीत सगळा वेळ तेच घोकत आले होते. हो म्हटलं असतं, तर आईचा तो दिवस चांगला गेला असता आणि पुढच्या रविवारी ती आणखी पहाटे उठली असती. त्यांच्यासाठी. मी बसले आणि सगळं सांगितलं. बोटीतल्या गणपतीपासून हेतलपर्यंत.

आई ऐकून घेऊन म्हणाली, "उसळ खाल्ली तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. मग लगेच केळी. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू खूश होतीस गं. आणि मला वाटलं, माझ्याच डोक्यात जुनं भरलंय. तुमच्या वेळेला असं नसेल."

मला रडू आलं नाही. संताप आला. ज्या बाईने आयुष्यभर हेच बघितलं, तिला समोर दिसत असताना तिने स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतली, कारण तिची शिकलेली मुलगी फोनवर हसत होती. याचा हिशोब विभाताईंकडे नाही. तो माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी विभाताईंचा फोन आला. आवाज मधाचा.

"गैरसमज झाला गं. मोठ्या मनाने सोडून दे. हेतल लहान आहे, काहीतरी बोलली."

"हेतल खरं बोलली."

"बरं, तुला गट सोडायचाच असेल तर ग्रुपवर तसं लिही. वैयक्तिक कारणास्तव, एवढंच लिही. उगाच सगळ्यांचा उत्साह जातो. आणि पुढच्या शिबिराला रक्त घ्यायला तेवढी ये. गरीब बायकांचं नुकसान नको."

मी म्हटलं, "लिहिते."

लिहिलं. एका दमात, कुठलाही शब्द गोड न करता. उसळ पुसून खाल्ली, ते लिहिलं. बोटीत काय विचारलं आणि त्यानंतर केळी कशी आली, ते लिहिलं. दुसऱ्या ग्रुपचं लिहिलं. हातात वडा धरून बेसन बाधतं म्हणालात, ते लिहिलं. "ते काम आहे, हे जेवण," हे जसंच्या तसं लिहिलं, खाली विभाताईंचं पूर्ण नाव घातलं. त्याखाली लिहिलं, मनोरीच्या बायकांचे रिपोर्ट मी स्वतः नेऊन देईन, त्यांची काळजी तुम्ही करू नका.

चहा गाळून होईपर्यंत मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

परवा लॅबमध्ये त्यांच्या सोसायटीतली एकजण आली. दंड बांधून घेताना म्हणाली, "तुम्ही तो गट सोडलात ना? विभाताई सांगत होत्या, काहीतरी वैयक्तिक कारण होतं."

मी शीर शोधली, सुई घातली, ट्यूब भरू दिली. तिला हलायला येत नव्हतं, ऐकण्याशिवाय इलाज नव्हता. म्हटलं, "मी सोडला नाही, मला काढलं. आणि कारण वैयक्तिक नव्हतं." मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. यापुढे जी विचारेल तिला सांगणार आहे. नावासकट.