न भिजवलेला तंबू

लौरेन्स ब्लिग्नोटच्या दुकानात तंबू घ्यायला आलेल्या माणसाला तो आधी बाहेर काढायचा. "गाडी आण," एवढंच म्हणायचा. मग गिऱ्हाईक आपली मोटरसायकल दारात लावायचं आणि लौरेन्स तिच्याभोवती फिरायचा. मागच्या सीटवर वीत टेकवून बघायचा, हँडल धरून गाडी हलवायचा. माणसाकडे ढुंकूनही बघायचा नाही. "तंबू तुझ्या मापाचा नसतो, गाडीच्या मापाचा असतो," तो सांगायचा. "तू पाय दुमडून झोपशील. गाडीला दुमडता येत नाही."

तो बरोबर असायचा, हीच तर पंचाईत होती. माझं नाव फान. त्याच्याकडे शिलाई मशीनवर मी एकोणीस वर्षं काढली, आणि तंबूच्या बाबतीत तो चुकलेला मी एकदाही पाहिला नाही. तंबूच्या काठीचा तुकडा हँडलपेक्षा लांब नको. वजन मागच्या चाकाच्या पलीकडे गेलं की खडीच्या रस्त्यावर गाडी अंगावर आलीच समजा. उंची एवढीच, की आत बसून बूट चढवता यावेत. नायलॉनच्या तंबूला तो भाजीची पिशवी म्हणायचा. एकदा गावचे दाताचे डॉक्टर दोन खोल्यांचा तंबू दुरुस्तीला घेऊन आले. लौरेन्सनं तो उलटापालटा करून विचारलं, "एका खोलीत तुम्ही झोपता. दुसरीत काय, अक्कल ठेवता?" डॉक्टर हसले. आमच्या रूइक्लिप गावात लौरेन्सच्या बोलण्यावर हसावंच लागायचं, कारण न हसणाऱ्याला तो पुढचा आठवडाभर सोडायचा नाही.

आम्ही जाड सुती कॅनव्हासचे तंबू शिवायचो. कॅनव्हासचं एक असतं. सुईनं पाडलेली भोकं आपोआप बुजत नाहीत. नवा तंबू परसात ताणून पाण्यानं चिंब करायचा, कडकडीत वाळवायचा, पुन्हा चिंब करायचा, म्हणजे दोरा फुगतो आणि भोकं भरतात. लौरेन्स हे काम कुणाला करू द्यायचा नाही. प्रत्येक तंबू स्वतः नळी धरून दोनदा भिजवायचा आणि घराच्या दोरीवर वाळत घालायचा. गिऱ्हाइकाच्या हातात तंबू देताना दम भरायचा, "साबण लावलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. साबणानं कॅनव्हासचं तेल जातं. मग तो तंबू नाही, फडकं."

आमच्या मोटरसायकल क्लबची दरवर्षी जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, स्नीउबर्ग डोंगरावर सहल असायची. वर एका मेंढीवाल्याच्या पठारावर आम्ही मुक्काम टाकायचो. नव्या माणसाला तिथे एक परीक्षा होती, आणि ती लौरेन्सनंच काढलेली. नव्यानं तंबू ठोकायचा, अंथरुणासकट आत जाऊन पडायचं. वरून तळ्याच्या पाण्याच्या दोन बादल्या. कोरडा राहिला तर तो आपला. भिजला तर सगळ्यांचं मटण त्यानं भाजायचं आणि रात्र त्याच ओल्या तंबूत काढायची. कुणी त्याला आपल्या तंबूत घ्यायचं नाही, शेकोटीपाशी झोपू द्यायचं नाही. पूर्वी ही सहल मार्चमध्ये, थंडी पडायच्या आधी निघायची, तेव्हा तो नियम गमतीचा होता. सहल जुलैत गेली. नियम तसाच राहिला.

लौरेन्सची बायको द्रिका. तिचा धाकटा भाऊ नील्स बियाण्यांच्या गोदामात कामाला होता. छातीनं नाजूक, धुळीत सारखा खोकायचा. त्याला मनापासून एकच हवं होतं, क्लबात जायचं. त्याच्या दाजींनी त्याला आपल्यातला म्हणावं. त्यासाठी त्यानं एक जुनी गाडी घेतली आणि जूनच्या शेवटी दुकानात आला.

"दाजी, यंदा मलाही यायचंय."

"कुठे? डॉक्टरकडे?"

"स्नीउबर्गला. तंबू कोणता घेऊ, तुम्हीच सांगा. तुम्ही द्याल तो."

इतका भरवसा दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकानं टाकला नव्हता. लौरेन्सनं त्याच्या गाडीकडेही पाहिलं नाही. माझ्या मशीनवरून नुकताच उतरलेला तंबू उचलला आणि त्याच्यापुढे धरला. दोरेसुद्धा कापलेले नव्हते.

"मालक, हा अजून..." मी म्हणालो.

"अजून काय?" त्यानं माझ्याकडे पाहून डोळा मारला.

"दोरे कापायचेत."

"मग काप की."

मी दोरे कापले. या गोष्टीत माझा वाटा एवढाच होता असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

पठारावर नील्सनं सगळं पाठ केल्यासारखं केलं. वाऱ्याच्या बाजूला गाडी आडवी लावली, तंबूचं तोंड उलट दिशेला ठेवलं, खुंट्या तिरप्या ठोकल्या. लौरेन्स कमरेवर हात ठेवून बघत होता. "अरे वा, मेव्हणे. शिकलात की," तो म्हणाला, आणि नील्सचा चेहरा आनंदानं लाल झाला. मग तो आत जाऊन झोपायच्या पिशवीत शिरला.

तळ्यावर बर्फाचा पापुद्रा होता. तो फोडून बादल्या भरल्या. पहिली ओतली. मग नील्स म्हणाला, "दाजी, शिवणीतून येतंय."

"येणारच," लौरेन्स म्हणाला. "बाळाला अजून पहिली आंघोळ घातलेलीच नाही."

मग त्यानं सगळ्यांना गंमत सांगितली, की मेव्हण्याला मशीनवरचा कोरा तंबू कसा गळ्यात मारला. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. दुसरी बादली त्यानं सावकाश, शिवणी बघून बघून ओतली. नील्स ओलाचिंब बाहेर आला तोही हसतच. त्यानं सगळ्यांचं मटण भाजलं. दोनदा शेकोटीपाशी टेकून बघितलं. दोन्ही वेळा लौरेन्सनं त्याला तंबूकडे बोट दाखवलं. "जा मेव्हणे, एकटा पडलाय बिचारा." माझ्या गाडीवर एक जादा घोंगडी बांधलेली होती, कोरडी. ती मी सोडली नाही. लौरेन्स मग पुढचा जुलै येईपर्यंत मला घोंगडी घोंगडी करून हैराण करेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सकाळी तंबूचं कापड फळीसारखं ताठ झालं होतं. नील्स रांगत बाहेर आला. ओठ निळे पडले होते. शब्द नीट फुटत नव्हते तरी त्यानं पहिलं हेच विचारलं, "दाजी, झालो ना तुमच्यातला?" लौरेन्सनं त्याच्या पाठीवर थाप मारली. दीडशे किलोमीटर समोरचा वारा खात नील्स घरी गेला. अकराव्या दिवशी जिल्ह्याच्या हॉस्पिटलात न्यूमोनियानं मेला.

मातीहून परतताना द्रिकानं मला एकट्याला गाठलं. नवऱ्याला तिनं काही विचारलं नव्हतं. सव्वीस वर्षं ती तंबूवाल्याची बायको होती. दुकानातला प्रत्येक तंबू तिच्या दोरीवर वाळला होता.

"फान, नील्सचा तंबू मी दोरीवर पाहिलाच नाही," ती म्हणाली.

मी खाली बघत राहिलो. तिला तेवढं पुरलं.

पुढचं वर्षभर लौरेन्स दुकानात यायचा, शिवायचा, नवे तंबू दोनदा भिजवायचा. गिऱ्हाइकाला टोमणे मारणं बंद झालं. पश्चात्ताप म्हणावा, तर नील्सचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

जुलै लागला. सहलीच्या आदल्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो, तर रस्त्याकडच्या कुंपणावर त्याचा तंबू वाळत घातलेला. वीस वर्षांचा, तेलानं काळपट झालेला तंबू पांढुरका दिसत होता. पत्र्याच्या टबात अजून फेस होता. लौरेन्सनं कापड नाकाशी धरलं. साबणाचा वास मलाही आला. येणारीजाणारी माणसं थांबून बघत होती. द्रिका दारात हात पुसत उभी होती.

"गरम पाण्यात दोनदा धुतला," ती म्हणाली. "जेवायला बसताय ना?"

तो आत जाऊन जेवायला बसला. आठवड्यानं तोच तंबू गाडीला बांधून पठारावर आला. दुकानात नवे सहा तंबू भिजवून वाळवून ठेवले होते, त्यातला एकही त्यानं घेतला नाही. तंबू ठोकला, अंथरूण घेऊन आत शिरला आणि आतून म्हणाला, "ओता."

कुणी हललं नाही. शेवटी बादली मी उचलली. पाणी कापडात क्षणभरही थांबलं नाही, सरळ आत गेलं. त्याचा श्वास अडकल्याचं बाहेर ऐकू आलं.

"दुसरी," तो म्हणाला.

दुसरी मी शिवणी बघून बघून ओतली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या दिवशी कुणी त्याला शेकोटीपाशी बोलावलं नाही. नियम त्याचाच होता.

सकाळी तो जिवंत होता. दाढीत बर्फाचे कण, कॉफीचा मग दोन्ही हातांत धरलेला, आणि तरी निम्मी कॉफी पँटवर सांडलेली. मी मेंढीवाल्याच्या घरून द्रिकाला फोन लावला.

"कसे आहेत?" तिनं विचारलं.

"ठीक आहेत. कॉफी घेतायत."

मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"बरं," ती म्हणाली. "मग पुढच्या वर्षी परत धुते."

त्याला सहा वर्षं झाली. तंबू धुऊन धुऊन इतका विरलाय की आत पडलेला माणूस बाहेरून दिसतो. लौरेन्स अजून दर जुलैला येतो. बादल्या मीच ओततो.