उद्याच्या डब्याला दशम्या?

मैत्रिणींनो, मुलांच्या डब्याला काय द्यायचं, हे आपण इथे रोजच विचारतो. आज मीही विचारतेय.

आम्ही पाथर्डीकडचे. माझी सई दुसरीत आहे. आठवडा झाला, तिचा डबा लख्ख धुऊन येतो आणि आत चिमूटभर साखर असते. शाळेच्या नळाला तर पाणीच नाही.

आज तिला विचारलं, तर म्हणाली, "कोमल अर्धं खाती. रिकामा डबा देऊ नये म्हनती."

कोमल तिच्या शेजारी बसायची. तिची आईही माझं भांडं कधी रिकामं परत करायची नाही, साखर घालूनच द्यायची. पण ते सगळे दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलेत, कोमलला घेऊन.

मी तशीच शाळेत गेले. बाई वर्गाला कुलूप लावत होत्या. म्हणाल्या, "अहो, सईशेजारी कुणीच बसत नाही. तीच बसू देत नाही कुणाला."

कोमलच्या आईचा फोन बंद लागतोय.

आत्ता जेवताना सई म्हणाली, "आई, कोमलला उद्या दशम्या पायजेत. लई लांब जायचंय तिला."

दशम्या आपण प्रवासाला निघालेल्या माणसालाच बांधून देतो. दूध काढून ठेवलंय, पण पिठाला हात लावायचं धाडस होत नाही.

सांगा बायांनो, करू का? नाही दिल्या आणि ती तरीही निघाली, तर उपाशी जाईल ना पोर.