कोड्यातलं उधाण

सुक्या बोंबलाचा पुडा सोडला नि कागदावर शब्दकोडं दिसलं, की माजा हात अजून पोर चाचपायला जातो. पोराचे आता केस पिकलेत.

साठ सालातली गोष्ट. मी आतल्या मासवणची, चौथी शिकलेली, समुद्राकाठच्या घिवलीला दिलेली. समुद्राची मला लय भीती. पण वाळूत ओढलेल्या होडीपर्यंत रोजचं पानी येत नसे, म्हणून तिच्या सावलीत लेकरू टोपलीत निजवलं. वर अंगणात सासू नि मी बोंबील वाळत घालत होतो. मी मधीच रद्दीतलं कोडं कोळशानं भरत होते.

"आई, पुनवेला नि आवसेला येणारी मोठी भरती. तीन अक्षरं."

"उधाण. समुद्राकाठी नांदतेस नि एवडं ठावं नाय? आज पुनवच हाय. चांद भरला की पानी होडीच्या वर चढतं."

कोळसा हातात तसाच घेऊन मी पळत सुटले. पानी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. टोपली तरंगत होडीला टेकली होती नि लेकरू आत हात नाचवत हसत होतं. उचललं नि मी पन रडता रडता हसायलाच लागले.

सासू धापा टाकत आली. वाचते म्हणून रोज टोचायची. वाटलं, आता मारतेय. तिनं नातवाला छातीशी धरलं.

"जा, ते कोडं आन," म्हणाली. "उरलंय ते समदं विचार मला."