सत्यप्रतीवरची सही

ती घटना आजही आठवते आणि तोंड कडू होतं. नव्वदीची अखेर होती. पारोळा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपते न संपते तोच पहूरकडून एक तरुणी आणि तिचे वडील आले. बौद्ध कुटुंब, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. मुलीचं नाव सांगत नाही. ते एकदा चोरलं गेलं, तेवढं पुरे.

ती म्हणाली, "साहेब, मी दोन वर्षांपासून तुमच्या हद्दीतल्या शाळेत शिक्षिका आहे, असं सेवायोजन कार्यालय म्हणतं. म्हणून यादीतून माझं नाव काढलं. मी शाळेत शिकवत असेन, तर इथे उभी आहे ती कोण?"

ठाणे अंमलदार हसला. मी डोळे वटारले तेव्हा गप्प झाला.

वडील म्हणाले, "हमाली करून पोरीले डी.एड. केलं, साहेब. आन् तिची नोकरी दुसरीच करू र्‍हायली. वयाची अट संपाले वरीसभर उरलं."

तोतयेगिरी आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवून घेतला आणि साध्या वेशात शाळेत गेलो. त्या नावाची बाई खरंच वर्गात होती. संस्थेच्या एका संचालकाची सून. राखीव जागा, आणि ही दुसऱ्याच समाजाची.

ठाण्यात आणल्यावर बाई डगमगली नाही. जन्मतारीख, परीक्षेचा क्रमांक, आईचं नाव, सगळं तोंडपाठ. दोन तास मी डोकेफोड केली. शेवटी आमची महिला शिपाई, जी स्वतः बौद्ध होती, शांतपणे म्हणाली, "ताई, जरा पंचशील म्हणा." वस्तीतलं शेंबडं पोरही म्हणून दाखवील. ही पहिल्याच ओळीला अडली. कायद्याने हा काही पुरावा नव्हे, पण बाईचं अवसान गळालं.

मग सगळं बाहेर आलं. जामनेरचा एक झेरॉक्सवाला गिऱ्हाइकांच्या कागदांची एक प्रत गुपचूप ठेवून घ्यायचा. या मुलीच्या कागदांची तीच प्रत बाईने विकत घेतली होती. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "खोटे कागद देताना लाज नाही वाटली?"

रडता रडता ती फणकारली, "खोटे कसे? सही तं तुमनीच शे ना, साहेब!"

शाळेतून आणलेली तिच्या नेमणुकीची फाइल उघडली. प्रत्येक प्रतीवर शिक्का होता, 'मूळ प्रतीवरून तपासले, बरोबर आहे', आणि खाली माझी सही. अर्जावर त्या बाईचा फोटो, त्याच्यावरही माझीच सही.

आमच्याकडे रोजचा रिवाज असा होता. राजपत्रित अधिकारी म्हणून सत्यप्रतींचा गठ्ठा माझ्यापुढे यायचा. एका हातात चहाची बशी, दुसऱ्या हातात पेन. मूळ कागद मी कधी मागितले नाहीत. मागितले असते तर बाई दारातूनच परत गेली असती.

वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "या प्रती जप्तीत दाखवू नका. तपास अधिकारीच साक्षीदार झाला तर केस कुठे राहील? आणि तुम्ही कुठे राहाल?" मी मान डोलावली. त्यांच्यावर ढकलत नाही. पेन्शन मलाही दिसत होती.

फाइल संस्थेला परत गेली आणि तिथे गहाळ झाली. दोषारोपपत्रात मुख्य कागदच नव्हता. कोर्टाने संशयाचा फायदा दिला. तोवर खऱ्या मुलीचं नाव यादीत परत लागलं नाही, आणि वय उलटून गेलं.

तोतया पकडली म्हणून, निकाल लागायच्या आधीच, याच केसच्या जोरावर मला नाशिकला संगणक गुन्ह्यांच्या प्रशिक्षणाला धाडलं. बूट बाहेर काढून एसीने गारठलेल्या संगणकांच्या खोलीत बसायचं. शिकवणारा तरुण होता, हुशार होता. म्हणाला, पुढे इंटरनेटवरून माणसाचं नावच चोरीला जाईल, पासवर्ड कुणाला सांगू नका. मग मला अनुभव सांगायला उभं केलं. मी पंचशीलापर्यंत सांगितलं आणि थांबलो. टाळ्या पडल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या वर्गात चोराचे शंभर मार्ग शिकवले. पण चोराला दार उघडून देणारा बहुतेक वेळा आमच्यासारखाच कुणी असतो, न वाचता सही करणारा. त्याचा धडा कुठल्याच वहीत नव्हता. नवी यंत्रं आली तरी तो माणूस खुर्चीत तसाच बसलेला असतो, हे मला त्या केसने शिकवलं.

निकालानंतर ती खरी मुलगी एकदा ठाण्यात आली होती, निकालाची नक्कल कुठे मिळेल ते विचारायला. शेतात मजुरीला जाते म्हणाली. जाता जाता दारात थांबली.

"साहेब, त्या खोट्या कागदांवर सही कोणाची होती हो?"

मी म्हणालो, "वाचता येत नव्हती."

"असू द्या. तुम्ही तरी आमचं ऐकून घेतलंत," ती म्हणाली. मग हात जोडून "जय भीम, साहेब" म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.